नलूची शॅम्पेन

मंगळ., १ जुलै

स. ६ ला उठलो. पार्कात चाललो, ४० मि. चहा, दोन टोस्ट. कपडे धुतले. दुपारी आमटी-भात. कुकरची रिंग सैल झाली आहे, नवी आणायची.

सं. रॉनीचा फोन, सेम्बावांगहून, बेटाच्या पार उत्तर टोकाहून. नलू गेली आणि मी एकटा राहिलो त्याला आठ महिने झाले, तेव्हापासून दर मंगळवारी करतो. "काय इंजिनियर, जिवंत हाय ना?" वय ७६. बँडात गिटार वाजवायचा तेव्हापासून मला इंजिनियरच म्हणतो. मूळ वसईचा. इथे लग्न केलं आणि राहिला तो राहिलाच.

आज वेगळं होतं. माझ्या घराजवळच्या कम्युनिटी क्लबात ज्येष्ठांची संगीत संध्या आहे, २६ ला. "आपला बँड वाजनार."

म्हटलं, कुठला बँड? ड्रमवाला गेला, बेसवाला गेला, गाणारी गेली.

"मी हाय. तू हायस. साऊंड कोन बघनार?"

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सोल्डरिंग आयर्न कुठल्या कपाटात आहे ते मी आठवत बसलोय.

गुरु., ३ जुलै

दु. ३ ला क्लबातली मुलगी आली, सिरीन. पंचविशीची. बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले. कार्यक्रमासाठी माहिती हवी होती. सत्तरच्या दशकात इथल्या हॉटेलात चार महिने वाजवणारा मुंबईचा रॉक बँड म्हणजे तिच्या लेखी आम्ही डायनासोर. पेन धरून तयार. "अंकल, बॅकस्टेजला काय काय चालायचं?"

सांगितलं, कॅरम.

पेन हललं नाही. मग आठवून आठवून सांगितलं. ड्रमवाला आईला रोज पत्र लिहायचा, त्यात काय काय जेवलो ते. बेसवाला झोपायचा. नलू मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची, वर गरम पाण्यात चमचाभर तूप. मी फ्यूज बघायचो.

रॉनीच्या टोपाचंही सांगितलं. तेव्हा इथे लांब केसांच्या पुरुषांना देशात घ्यायचे नाहीत. विमानतळावरच त्याचे खांद्यापर्यंतचे केस गेले. रडला होता. मग चायनाटाऊनमधून बायकी टोप आणला, स्टेजपुरता. तिसऱ्या दिवशी गिटार वाजवता वाजवता मान झटकली आणि टोप टेबलफॅनमध्ये. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. एवढ्या टाळ्या पडल्या की पुढे दर शनिवारी एक टोप फॅनला द्यायचा असं ठरलं.

हे तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "अंकल रॉनीने शॅम्पेनचं सांगितलं. आंटीने शॅम्पेनने आंघोळ केली आणि हॉटेल बुडवलं. खरं?"

मी म्हटलं, चहा घेणार?

रवि., ६ जुलै. आषाढी एकादशी

केतकी आणि ईशा येऊन गेल्या. के. ने डब्यात खिचडी आणली होती. छान मोकळी. आईनंतरची तिची पहिली आषाढी.  ईशा (१५ पूर्ण) म्हणाली, "आजीची बेटर होती, बट धिस वन ऑल्सो कॅन लाह." इथल्या इंग्रजीत म्हणजे हीही चालते. के. ने डोळे मोठे केले. मग तिघंही हसलो.

त्या गेल्यावर बसून राहिलो. ती शॅम्पेनची गोष्ट मी कुठेही लिहिलेली नाही. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

त्या वर्षीचीही आषाढीच. हॉटेल ऑर्चर्ड रोडच्या मागच्या बाजूला होतं, आता तिथे मॉल आहे. नलू परदेशात असो की स्टेजवर बेलबॉटम घालून ओरडत असो, एकादशी सोडायची नाही. हॉटेलच्या किचनमधल्या आपल्याकडच्या पाच-सहा माणसांनाही तिने खिचडी कबूल केली होती. मला म्हणाली, "साठे, साबुदाणा भिजत घाला. सगळ्यांचा." तेव्हा आमचं काही ठरलेलं नव्हतं. बोलणंही कामापुरतं. मी जन्मात साबुदाणा भिजवलेला नव्हता. सेरंगून रोडवरून दहा किलो आणला. खोलीत एवढा मावेल असं भांडं एकच, बाथटब.

टब साबणाने तीनदा घासला. साबुदाणा ओतला, पाणी भरलं. मग विचार केला की हा पाणी पिणार, पातळी उतरणार. पातळी कायम ठेवायची तर जेवढं जाईल तेवढं आत येत राहिलं पाहिजे. कॉलेजात टाकीचं गणित असंच शिकवतात. म्हणून नळ बारीक सोडून ठेवला आणि खाली हॉलमध्ये साऊंड चेकला गेलो. तीन तास.

जास्तीचं पाणी जायला टबाला वर भोक असतं, हे माझ्या गणितात होतं. ते भोक साबुदाण्याने बुजेल हे नव्हतं.

डायनिंग हॉलच्या छतातून पांढरं फेसाळ पाणी गळायला लागलं. साबण नीट धुतला गेला नसावा. धावत वर गेलो तर नलू आधीच पोचलेली. टब काठोकाठ, साबुदाणा फुगून पार बाथरूमच्या फरशीवर. मागोमाग मॅनेजरचे बूट वाजले. गोरा, सहा फुटी. तिने मला बाथरूममध्ये ढकललं, "साठे, तुम्ही गप्प राहायचं," आणि बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली. मला फक्त ऐकू येत होतं.

हे कोणी केलं, त्याने विचारलं.

"मी. शॅम्पेनने आंघोळ करत होते. तुम्ही मध्येच आलात." इंग्रजीत. अगदी राणीसारखं.

मला वाटलं संपलं आता. पण मॅनेजरचा आवाज एकदम मऊ झाला. रॉक बँड ठेवल्यापासून तो बहुधा याचीच वाट बघत असावा. आणि गायिकेला कोण काढणार? तिच्यासाठी लोक टेबलांवर उभे राहायचे. साऊंडवाल्याला मात्र दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवलं असतं.

मग दोघांनी तो सगळा साबुदाणा उशांच्या अभ्र्यांत भरला. सहा अभ्रे. मागच्या जिन्याने खाली नेताना रॉनी भेटला, त्याने काही न विचारता दोन उचलले. मी म्हटलं, ओले टॉवेल आहेत.

नलूने त्या दिवशी दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले आणि सव्वादोन तास गायली. दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, "शॅम्पेन कशी लागते हो?" मलाही माहीत नव्हतं.

मंगळ., ८ जुलै

पार्क नाही, गुडघा. रॉनीचा फोन. साऊंड बघतो म्हणून सांगितलं. "म्हायती होतं," म्हणाला.

परवाचं अर्धवट राहिलं. पुढचंही लिहायला हवं, नाहीतर ते नुसतंच गमतीचं होतं.

पेपरात चार ओळी आल्या. कोणाच्या तरी मावसभावाने कात्रण पुण्याला पाठवलं. नाना, नलूचे वडील, शाळेत संस्कृत शिकवायचे. मुलगी इंग्रजी गाणी गाते इथपर्यंत त्यांनी सोसलं होतं. पुढे तीन वर्षं पत्र नाही. लग्नाला आले नाहीत. केतकीच्या बारशाला आले, चांदीची वाटी घेऊन. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. आणि खरं काय ते न कळताच गेले.

मी कितीदा म्हटलं, नानांना सांगू या. तर म्हणायची, "साबुदाण्याने हॉटेल बुडवलं म्हणून घरात घेण्यापेक्षा शॅम्पेनने बुडवलं म्हणून बाहेर ठेवू देत. मला ऐकायला बरं वाटतं." एकदा पुण्यात जेवताना मी "नाना, ते हॉटेलचं..." एवढंच म्हटलं तर टेबलाखालून अशी लाथ बसली की आमटीची वाटी हलली. नाना म्हणाले, "काय हॉटेलचं?" मी म्हटलं, हॉटेलपेक्षा घरची आमटी चांगली.

तिला ती गोष्ट आवडायची, हे खरं. त्या तीन वर्षांत पोस्टमनच्या वेळेला ती दारात उभी असायची, हेही खरं. मी दोन्ही पाहत होतो आणि मी काही...

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात पुन्हा वचन घेतलं. "टबात काय होतं ते कोणाला सांगितलंत तर बघा." ऑक्सिजनची नळी लावलेली, तरी हसत होती.

शुक्र., ११ जुलै

सकाळी लिफ्टपाशी पोस्टर. चार भाषांत. मधोमध नलूचा जुना फोटो, रॉनीनेच दिला असणार. हातात माईक, एक पाय स्पीकरवर. खाली मोठ्या अक्षरांत, शॅम्पेनच्या आंघोळीने हॉटेल बुडवणारी रॉक क्वीन. २६ जुलै, सं. ५. चहापान.

फोटो चांगला आहे. अँप्लिफायरच्या मागे माझं कोपर दिसतं.

नवव्या मजल्यावरचे मि. ओंग भेटले, बस चालवायचे, आता रिटायर. अंगठा वर करून, "युअर वाइफ! पॉवर!" त्यांनाच रॉनीने ड्रमवर घेतलंय म्हणे. वर येताना लिफ्टमध्ये एकटाच हसलो.

मग आठवलं. रविवारी केतकी येणार, तिच्या सासूबाईंना घेऊन. नागपूरहून महिनाभरासाठी आल्यात. पोस्टर काचेआड आहे, काचेला कुलूप.

रवि., १३ जुलै

व्हायचं ते झालं. विहीणबाई चपला काढता काढताच, "अहो अरविंदराव, खाली लावल्यात त्या आपल्या नलिनीताईच ना? काय बाई रुबाब! बरं, शॅम्पेन म्हणजे ती दारूच ना?"

म्हटलं, हो. म्हणजे फ्रान्सची असते.

"मला काही नाही हो. माणूस गेल्यावर आपण कशाला बोलायचं." आणि मग पाऊण तास बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

के. स्वयंपाकघरात माझ्या मागे आली. दार लावलं.

"बाबा, आई पीत होती?"

"नाही."

"मग खाली काय आहे ते?"

मी गॅस पुसत होतो.

"नाना तीन वर्षं बोलले नव्हते, ते यावरून? म्हणजे ते खरं होतं? मला आजवर कोणी काही सांगितलं नाही. मामाला विचारलं की तो विषय बदलायचा. माझी आई कोण होती हे मला लिफ्टपाशी लावलेल्या पोस्टरवरून कळायचं का?"

ईशा बाहेरून ओरडली, "ममा, डोन्ट बी लाइक दॅट लाह! आजी इज अ लेजंड! माझा अख्खा क्लास येणार आहे!"

"तू गप्प बस," के. म्हणाली. मग मला, हळू, "काढायला सांगा. नाहीतर मी येणार नाही."

 टबात काय होतं ते सांगायचं नाही. ते न सांगता काय नव्हतं ते कसं सांगणार? चहा मात्र चांगला झाला, असं विहीणबाई म्हणाल्या.

मंगळ., १५ जुलै

आज रॉनीला मी फोन केला. पोस्टरमधली शॅम्पेन काढ म्हटलं.

"अरे शॅम्पेन काढली तर रायलं काय? गुळण्या?"

केतकी दुखावली आहे, एवढंच सांगितलं.  कार्यक्रम ठरलाय म्हणाला. तो स्टेजवर शॅम्पेनची गोष्ट सांगणार आणि मग माईक माझ्याकडे देणार. "दोन मिन्टं बोल तिच्यावर."

मी माईकवर कधी बोललोय?

"पन्नास वर्षं माईकवर वन टू थ्री बोलतोस. या टायमाला फोर बोल."

बुध., १६ जुलै

कुकरची रिंग आणली. लहान निघाली. परत.

शनि., १९ जुलै

दु. २ ते ४ क्लबात तालीम. अँप्लिफायरला गुणगुण येत होती. सगळ्यांना वाटलं गेला. अर्थिंगचा घोळ, दोन वायरी वेगवेगळ्या पॉइंटला होत्या, एकाच बोर्डावर घेतल्या. बंद. मि. ओंग म्हणाले, "वा, अंकल, डॉक्टर!" ते स्वतः ड्रम असे वाजवतात की प्रत्येक स्टॉपला ब्रेक दाबल्यासारखं वाटतं. पण वेळेत.

गुणगुण थांबली आणि हॉल एकदम शांत झाला तेव्हा जुनं आठवलं. इथल्याच एका मैदानावर, दोन-अडीच हजार लोक असतील, गाण्याच्या मध्येच लाइट गेले. मी अंधारात फ्यूजशी. शेवटी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. तेवढा वेळ, सात-आठ मिनिटं, नलू माईकशिवाय गात होती. बूट काढून फेकले आणि स्टेजच्या अगदी कडेला येऊन. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं म्हणे. मला तर फ्यूजच्या डब्यात ऐकू येत होतं. लाइट आले तेव्हा तिने मागे वळून "आणखी थोडा वेळ लावला असतात तरी चाललं असतं" अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. लग्न करायचं मी तेव्हा ठरवलं. तिला चार महिन्यांनी सांगितलं.

नंतर रॉनी आणि मी समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत. त्याची कॉफी, माझी बिनसाखरेची. मी बरेच दिवस जुळवत होतो ते बोललो. "रॉनी, त्या टबात शॅम्पेन नव्हती."

चमचा ढवळत राहिला. "म्हायती."

"काय माहीत?"

"साबुदाना."

मी कप खाली ठेवला.

"साला, दोन उशा मी उचलल्या. ओला टॉवेल काय असा दाना-दाना लागतो हाताला? आमच्या शेजारची जोशीकाकू दर एकादशीला मला खिचडी द्यायची. मला शिकवतो."

"मग पन्नास वर्षं बोलला का नाहीस?"

"नलूने शपथ घातली. तिथंच, जिन्यात. तू पुढं होतास. बोलली, साठ्यांना कळता कामा नये की तुला कळलंय, ते लाजेने मरतील. मंग मीच शॅम्पेनची ष्टोरी वाढवत गेलो. पयली एक बाटली होती. आता चाळीस हायत."

म्हणजे ती आम्हा दोघांना एकमेकांपासून सांभाळत होती. आणि आम्ही दोघं, दर मंगळवारी फोनवर... मला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टिश्यूचं पाकीट पुढे केलं. डोळे पुसले. ऑक्टोबरनंतर एवढं हसलो नव्हतो.

मग त्याला नानांचं सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. कॉफी तशीच ठेवली त्याने.

"तीन वर्षं?"

"तीन."

"आणि मी जगभर..."  उठताना म्हणाला, "तिची शपथ हाय. पन तिची पोरगी पन हाय. मी त्या दिवशी ष्टोरी सांगनार नाय. माईक तुला देतो. तू ठरव."

बुध., २३ जुलै

भाषण तीनदा लिहिलं. पहिल्यात सगळं खरं, फाडलं. दुसऱ्यात काहीच नाही, नुसते आभार. तेही फाडलं. तिसऱ्यात एकच वाक्य.

ईशा शाळेतून परस्पर आली. शाळेच्या गणवेशात सोफ्यावर आडवी पडून नूडल्स खाल्ल्या. "आजोबा, ममा म्हणते ती येणार नाही. यू डू समथिंग लाह." मी विचारलं, शॅम्पेन नसती तर तुला आजी कमी आवडली असती का? तिने नूडल्स थांबवल्या. "मग शी वॉज जस्ट... गुड?" थोड्या वेळाने म्हणाली, "दॅट ऑल्सो कॅन."

शनि., २६ जुलै

झालं. लिहून ठेवतो.

४ ला पोचलो. केबल टाकल्या. खुर्च्या दोनशे, भरल्या. बहुतेक माझ्या वयाचे, पंखे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. ईशाचा वर्ग पुढे जमिनीवर बसला. ५ ला पाच मिनिटं कमी असताना के. आली, मागच्या रांगेत बसली, विहीणबाई शेजारी. माझ्याकडे बघितलं नाही.

रॉनी टोप घालून आला. नवीन घेतलाय, तांबूस. दुसऱ्या गाण्यात मान झटकली. मी बाजूला फॅन लावून ठेवला होता, न सांगता. टोप गेला. लोक उभे राहिले. मि. ओंगनी खुशीत दोन स्टॉप न घेताच गाडी पुढे काढली.

मग त्याने माईक काढून माझ्या टेबलाशी आणून दिला. शब्दाप्रमाणे गोष्ट सांगितली नाही. "माय इंजिनियर," एवढंच.

उभा राहिलो. सवयीने "वन, टू, थ्री" म्हणून गेलो. हशा. तो ओसरेपर्यंत थांबलो.

इंग्रजीत बोललो. आठवतं तसं इथे मराठीत.

म्हटलं, पोस्टरवर चूक आहे. त्या टबात शॅम्पेन नव्हती. माझ्या बायकोने जन्मात शॅम्पेन चाखली नाही. टबात जे होतं ते मी घातलं होतं, नळ मी उघडा ठेवला होता, हॉटेल मी बुडवलं. मला परत पाठवतील म्हणून तिने माझा दोष स्वतःवर घेतला. तेव्हा आमची ओळख फक्त दोन महिन्यांची होती. त्यापायी तिचे वडील तिच्याशी तीन वर्षं बोलले नाहीत, आणि मी गप्प राहिलो. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. ते आता नाहीत. म्हणून इथे सांगतो.

मागच्या रांगेकडे बघून बोललो. दिवे डोळ्यांवर होते, कोणी दिसत नव्हतं.

पुढून एक आजोबा ओरडले, "सो वॉट वॉज इन द टब?"

म्हटलं, ते सांगायचं नाही असं तिने मला सांगितलंय.

मग जे सुरू झालं! "मिल्क!" "बिअर!" "सोयाबीन!" एक म्हातारी तर नारळाच्या रश्शातल्या शेवयांवरच गेली, "लक्सा!" दर उत्तराला रॉनी गिटारवर एक झंकार काढून मान हलवायचा, नाही. मि. ओंग झांज वाजवायचे. ईशाचा वर्ग तर लोळत होता. सिरीन दारात उभी, पेन हातात, वही उघडी, काही लिहीत नव्हती. मला हे सगळं थांबवता येईना, आणि थांबवावंसंही वाटेना. सगळ्यात मागून विहीणबाईंचा आवाज, चक्क मराठीत, "अरविंदराव, ताक होतं का हो?"

अर्धं वचन मोडलं, अर्धं पाळलं. नलू काय म्हणाली असती कळत नाही. लाथ नक्की बसली असती.

लोक चहाला गेल्यावर केबल गोळा करत होतो. के. आली. एक केबल उचलून कोपराभोवती गुंडाळायला लागली. तशी गुंडाळायची नसते, आतल्या तारा पिळतात. आयुष्यभर सगळ्यांना यावरून बोलत आलोय. आज बोललो नाही.

तीन केबल झाल्यावर म्हणाली, "पोस्टमनचं मामाने एकदा सांगितलं होतं. ती दारात उभी राहायची ते." आणि चौथी उचलली.

सोम., २८ जुलै

स. पार्क, ३५ मि. गुडघा ठीक. लिफ्टपाशी पोस्टर नाही, डेंग्यूची सूचना लावली आहे. सिरीनचा मेसेज, पुढच्या वर्षीही करू या का? रॉनीचा मेसेज, त्याच्या ब्लॉकमध्ये पैजा लागल्यात, सोयाबीन पुढे आहे.

दु. के. चा फोन, ऑफिसातून, जिन्यात उभी राहून बोलत असावी, आवाज घुमत होता.

"बाबा, मला एकटीला सांगा. मी कोणाला सांगणार नाही."

म्हटलं, तुझ्या आईला शब्द दिलाय.

"अर्धा तर मोडलात."

"तो माझ्या वाटणीचा होता."

हसली. हसताना थेट नलूसारखी. मग म्हणाली, "मी इतके दिवस तिच्यावर चिडले होते, बाबा. ती नसताना. मला निदान कशावरून ते तरी कळू दे." थोडं थांबून, "रविवारी येते. एकटी. तेव्हा बघा, सांगायचं की नाही."

बरं म्हटलं. बरं म्हणजे काय ते मलाही माहीत नाही.

एकदा वाटतं, ते नलूचं आहे, माझं नाही. तिने ते एवढी वर्षं जपलं, चाळीस बाटल्यांपर्यंत जाऊ दिलं, आणि कळलं की सगळे हसतील, बस्स, एवढंच होतं म्हणतील. मग वाटतं केतकी हसणार नाही. किंवा हसेल, आणि तेच बरं होईल. रॉनीला विचारणार होतो. तो म्हणेल, तू ठरव.

रविवारला सहा दिवस आहेत.

सं. ५ ला खाली जाऊन पपई आणली. कापली. बिया काढल्या. अर्धी खाल्ली, गोड होती. अर्धी, वर ताटली पालथी घालून, फ्रीजमध्ये ठेवली.